काळ्या कातळाच्या काठाने

६ डिसेंबर २०१५. दादर चौपाटीकडे जाणाऱ्या रांगेच्या कडेला आमच्या मंडळाचा पाण्याचा स्टॉल होता. दरवर्षी असतो. मध्यरात्रीपासून उभे राहून आमचे पाय सुजले होते. दुपारी थोडी उसंत मिळाली म्हणून आम्ही किनाऱ्याकडे गेलो. तिथे परभणी जिल्ह्यातली एक आजी बसली होती. सत्तरीची असावी. पांढरी साडी, कडेला पिशवी, पिशवीत बाबासाहेबांचा फोटो. दर्शन घेऊन आली होती. तिने समुद्र आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असणार, असे आम्ही धरून चाललो. पण आजी समुद्राकडे पाहतच नव्हती. किनारा खचू नये म्हणून टाकलेल्या दगडांवरून ती हात फिरवत होती.

"लेकरा, ह्यो दगड तं आमच्या हिरीतलाच दिसायलाय. हितं कसा काय आला?"

आम्ही पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणालो, "आजी, दगड काय, सगळीकडे सारखाच."

"समदीकडं सारका कसा असंल? माझी लेक बिदरकडं दिली. तिकडं लाल हाय."

एवढे बोलून ती उठली, आपल्या गाववाल्यांत मिसळली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. आम्ही मात्र खजील झालो. आम्ही बी. कॉम.; कचेरीत कारकुनी करतो. जमाखर्चाचे रकाने डोळे मिटून मांडू. पण ज्या शहरात जन्मलो, ज्या किनाऱ्यावर दरवर्षी लाखोंच्या समुदायाला पाणी पाजतो, त्या किनाऱ्याच्या दगडाबद्दल एका अडाणी म्हातारीने साधा प्रश्न केला, तर आमच्याकडे उत्तर नाही. शिवाय आमच्या वडिलांची उभी हयात दगड फोडण्यात गेलेली. अंधेरी-कुर्ल्याकडच्या खदाणीत घण चालवता चालवता एका डोळ्यात कपची गेली आणि तो डोळा कायमचा अधू झाला. त्यांच्या मुलाने म्हणावे, दगड काय, सगळीकडे सारखाच!

त्या हिवाळ्यात आम्ही वाचनालयात बसलो. भूगर्भशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक ओळखीचे झाले, त्यांना रविवारी जाऊन त्रास दिला. जे कळले ते आधी सांगतो, कारण आजीचा प्रश्न अगदी बरोबर होता.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि आतून पातळ, तापलेला लाव्हारस बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या तोंडातून जाळ, असा प्रकार इथे फारसा नव्हता. दूध उतू जावे तसा रस पसरत गेला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा. मधल्या काळात झाडेझुडपे उगवत, तळी साचत, मग पुन्हा रस येई. भाकऱ्यांची चळत रचावी तसे थरावर थर चढले. घाटात एस. टी.ने जाताना समोरच्या डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. आज या दगडाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. पूर्वेला नागपूरची सीताबर्डीची टेकडी याच दगडाची आणि पश्चिमेला मुंबईचा किनाराही याच घराण्याचा. म्हणजे दीक्षाभूमीच्या गावाहून निघालेला माणूस चैत्यभूमीला पोचेपर्यंत बहुतेक वाट एकाच काळ्या कातळावरून चालतो. मध्ये वेरूळ, अजिंठा, नाशिकची त्रिरश्मी लेणी, जुन्नर, कार्ले, भाजे. सगळी याच दगडात खोदलेली. आजीच्या विहिरीतला दगड आणि दादरच्या बांधावरचा दगड एकाच चुलीवरचे होते. आणि तिच्या लेकीच्या गावचा लाल दगड? तो जांभा. हाच काळा कातळ लाखो वर्षे ऊन-पाऊस खाऊन खाऊन कुजला, त्यातले बाकीचे द्रव्य वाहून गेले, लोखंडाचा गंज उरला, की जांभा होतो. बिदरचा किल्ला त्याच दगडाचा आहे. आजी दोन्हीकडून बरोबर होती. चूक फक्त आमची.

पण मग मुंबईचा किनारा असा खडबडीत, तुटका, बेटांचा का? घाटावर हेच थर कसे अंथरुणासारखे सपाट. प्राध्यापकांनी एक वही घेतली, तिचे अर्धे पान टेबलाच्या कडेबाहेर काढले आणि बोटाने खाली दाबले. पनवेलच्या पश्चिमेला थर असे समुद्राकडे कलंडलेले आहेत, असे ते म्हणाले. सेशेल्स नावाची बेटे आज आफ्रिकेच्या बाजूला महासागरात आहेत. लाव्हारसाच्या त्या काळाच्या सुमारास ती आपल्या या किनाऱ्यापासून तुटून वेगळी झाली. आपण ज्याला किनारा म्हणतो ती खरी तर मोडलेली कड आहे.

हे कळल्यावर वरळीकडे पाहण्याची आमची नजरच बदलली. आम्ही वाढलो वरळीच्या चाळीत. लहानपणी वरळीची टेकडी म्हणजे पलीकडचा समुद्र अडवणारी भिंत, एवढेच ठाऊक. जुन्या मुंबई बेटावर अशा दोन कण्यांच्या ओळी आहेत. पश्चिमेला मलबार हिल, कंबाला हिल, वरळी. पूर्वेला डोंगरी, परळ, शिवडी. थर पश्चिमेला कललेले असल्यामुळे वरळीच्या टेकडीचा उतार समुद्राकडे सौम्य आणि आमच्या चाळींच्या बाजूला चढ उभा. आणि मधली सगळी जागा? ती पूर्वी भरतीच्या पाण्याची. वरळी आणि महालक्ष्मी यांच्या मधल्या खिंडारातून समुद्र आत शिरे. हॉर्नबी नावाच्या गव्हर्नरच्या काळात ते खिंडार बांध घालून बुजवले, १७८४ च्या सुमारास. मग खाजणाची जमीन झाली, तिच्यावर गिरण्या आल्या, गिरण्यांच्या मागे चाळी आल्या. कातळावर बंगले आणि बुजवलेल्या खाजणावर आपण. दर जुलैत आमच्या दारात गुडघाभर पाणी का साचते, याचे उत्तर नगरपालिकेच्या गटारात अर्धे आहे; उरलेले अर्धे इथे आहे. वर्णव्यवस्था भूगर्भातून आली असे आम्ही म्हणणार नाही, पण उंच आणि सखल कोणाच्या वाट्याला आले हे वाचकांनी नकाशा घेऊन पाहावे.

वरळीच्या या दगडात बेडूक सापडले आहेत, हे ऐकून तर आम्ही उडालोच. खरेखुरे बेडूक, दगड झालेले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याचे तळे होते, त्याच्या गाळात ते गाडले गेले. १८४७ साली इंग्लंडचे शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज जिथे खारा वारा कपड्यांवर मीठ ठेवून जातो तिथे एके काळी गोडे तळे होते आणि त्याच्या काठी इवले इवले बेडूक ओरडत होते! आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना ही गोष्ट सांगितली, तर आठवडाभर चाळीत बेडकांखेरीज दुसरा विषय नव्हता. तेव्हाच मनात आले की पोरांना हा कातळ दाखवायला नेले पाहिजे.

इथून पुढे लिहिताना लेखणी जड होते. पण लिहिले पाहिजे.

२१ मे २०१६. बुद्धपौर्णिमा, शनिवार. सकाळी लवकर विहारात वंदना झाली आणि आम्ही बावीस मुले-मुली घेऊन वांद्र्याच्या बॅंडस्टॅंडला निघालो. मोठी माणसे तिघे: आम्ही, बेस्टमध्ये ड्रायव्हर असलेले आमचे एक सहकारी आणि अभ्यासिकेच्या बाई. मुलांत आमची कन्या होती, तेव्हा नऊ वर्षांची. आणि शेजारच्या चाळीतला एक अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील वारलेले. आई दोन कचेऱ्यांत साफसफाई करते. तिने आदल्या रात्री मुलाचा डबा आमच्या घरी आणून दिला आणि म्हणाली, "दादा, तुम्ही आहात म्हणून पाठवते."

आठच्या सुमारास पोचलो. काय दृश्य होते ते! पहाटेच्या ओहोटीने समुद्र लांब मागे सरलेला, आणि त्याने उघडा टाकलेला कातळ दूरवर पसरलेला. काही ठिकाणी जमीन नांगरावी तसा चिरलेला, काही ठिकाणी हत्तीच्या पाठीसारखा गुळगुळीत. खळग्यांत पाणी साचलेले, त्यात बोटाएवढे मासे आणि इकडून तिकडे पळणारे खेकडे. दगडाला चिकटलेली कालवे, पांढरी, सुरीसारखी धारदार. लांब उजवीकडे मढच्या बाजूचा किनारा धुरकट दिसत होता. मुले हरखून गेली. बावीसपैकी निम्म्यांनी तरी, चाळीपासून तासाभराच्या अंतरावर असूनही, अशा खडकावर कधी पाय ठेवला नव्हता.

आम्ही भाषण तयार करून नेले होते. एक उंच खडक बघून त्यावर उभे राहिलो, समुद्राकडे पाठ करून, आणि साडेसहा कोटी वर्षांपासून सुरुवात केली. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे सांगितले: ती टेकडी म्हणजे दगडी खांबांची उभी मोळी आहे, सुमारे दोनशे फूट उंच. उन्हाळ्यात तळे आटले की चिखलाला भेगा पडून तुकडे होतात ना, तसाच लाव्हारस निवताना आकसतो, भेगा खाली खाली जातात आणि खांब तयार होतात. वडील सांगत, असा खांबांचा दगड फोडायला सोपा, त्याची भेग आधीच ठरलेली असते. त्या टेकडीच्या आजूबाजूचा दगड खदाणींनी खाल्ला, मधली तेवढी राहिली. गेट वे ऑफ इंडियाचा पिवळसर दगड मालाडजवळच्या खारोडीचा, हेही सांगितले. मुले ऐकत होती असे आम्हांला वाटत होते.

ऐकत नव्हती. तिघे जण बेडूक शोधायला पुढे गेले होते. आमची कन्या, तो मुलगा आणि आणखी एक.

एक कोळीण मावशी कालवे काढत होती. हातात लोखंडी आकडी, कमरेला डबा. ती ओरडली तेव्हा आम्ही वळलो. समोरचा खडक तसाच होता, मुले त्यावर उभी होती, हसत होती. पण त्यांच्या आणि आमच्या मध्ये जी घळ आम्ही सगळ्यांनी कोरड्या पायांनी ओलांडली होती, तिच्यातून पाणी धावत होते. आणि लक्षात ठेवा, ते समोरून आलेच नव्हते. बाजूने, मागून, गुपचूप आले होते. समुद्र समोरून अंगावर येतो अशी आपली समजूत असते. खडकाळ किनाऱ्यावर तसे नाही. आधी खोलगट जागा भरतात आणि माणूस उंचावर उभा असतो म्हणून त्याला पत्ता लागत नाही.

आम्हांला पोहता येत नाही. चाळीतल्या कोणाला येते? आम्ही तरी पाण्यात उतरलो, तर पहिल्याच लाटेने गुडघ्यावर आपटलो. मावशीने आम्हांला दंड धरून मागे खेचले आणि शिवी दिली. ड्रायव्हर सहकारी अंगाने धिप्पाड. बाईंनी मोठ्या मुलींच्या ओढण्या घेतल्या, एकमेकींना गाठी मारल्या. एक टोक त्यांनी कमरेला बांधले. मावशी पुढे, हातातल्या आकडीने तळ चाचपत, ते मागे. पाणी त्यांच्या छातीला लागले. एकेक पोर खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या झाल्या. आमची कन्या दुसऱ्या फेरीत आली. त्या मुलाने तिला पुढे पाठवले आणि स्वतः शेवटी आला. येताना पाय घसरला, कालवांनी नडगी उभी कापली, चपला वाहून गेल्या. सगळे मिळून दहा मिनिटे झाली असतील. तिसरी फेरी संपली आणि काही वेळाने आम्ही मागे पाहिले, तर मुले उभी होती तो खडक तिथे नव्हता.

मावशीने लुगडे पिळले आणि आम्हांला विचारले, "काय रं, आज पुनव हाय, ठाऊक नाय तुला?"

पौर्णिमा! आम्ही पौर्णिमेसाठीच तर आलो होतो. दर पौर्णिमेला विहारात जातो, वंदना घेतो, खीर वाटतो. पौर्णिमेला समुद्र काय करतो हे मात्र कधी मनातही आले नाही.

"दर्या थांबतो का तुझ्या भाषणाला?" मावशी म्हणाली. मग बहुधा आमचा चेहरा बघून तिला दया आली असावी. खडकावर बसून तिने हिशेब सांगितला. तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. येईल ते पुऱ्या भरतीचे वाजले असे समजायचे. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सवाअकरा, म्हणजे बाराच्या आगेमागे. दुपारी एकदा, रात्री एकदा. तिच्यापासून सहा तास आधी आणि सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी वरही जास्त चढते आणि खालीही जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. मावशी शाळेत गेली नव्हती. तिने हे बोटांवर करून दाखवले.

आम्ही बी. कॉम. आयुष्यात चक्रवाढ व्याजाची किती गणिते सोडवली असतील. तीन चतुर्थांशचा हा हिशेब कोणत्याही पुस्तकात नव्हता, आणि जो होता तो विचारायची आम्हांला गरज वाटली नव्हती.

नंतर प्राध्यापकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडे, शेवटच्या तासात थोडे, आणि मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या निम्मे. मुंबईला उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांत साडेतीन-चार मीटरचा फरक सहज पडतो. म्हणजे मधल्या दोन तासांत जवळजवळ पुरुषभर पाणी. पहाटे सहाला ओहोटी धरली तर मधले दोन तास कोणते? आठ ते दहा. आम्ही बावीस मुले घेऊन बरोबर आठ वाजता तिथे उतरलो होतो. कोणी मुद्दाम घात करायचा ठरवला असता तरी याहून अचूक वेळ निवडता आली नसती.

संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या आईकडे गेलो. सौ. म्हणाली, "पोरगा सुखरूप आहे, पायाला टाके आहेत, खेळताना पडला म्हणा." आम्ही दारात उभे राहून तसेच म्हणणार होतो. शब्द तोंडात आलेही होते. पण आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली तो मुलगा पाय लांब करून बसलेला, आणि तो आमच्याकडे बघत होता. आम्ही काय सांगतो याची वाट बघत. मग सगळे सांगितले. आमचे भाषण, समुद्राकडे केलेली पाठ, सगळे. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. स्टोव्ह वाजत होता तेवढाच आवाज. शेवटी म्हणाल्या, "तुमची मुलगी आधी आली ना?" आम्ही हो म्हणालो. त्यांनी मुलाकडे पाहिले, मग आमच्याकडे. "त्यानंच पाठवलं म्हणतो. बरं केलं." आणि चहा टाकला. त्या प्रश्नाने आमच्या काळजात जे केले ते अजून तिथेच आहे. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

दोन महिने आम्ही अभ्यासिकेत गेलो नाही. मंडळाचा राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. सहली बंद, असे काही पालकांनी म्हटले, आणि त्यांचे चूक नव्हते. राजीनामा कशामुळे मागे राहिला? एके दिवशी त्या बाईच आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "पोरगा रोज विचारतो, पुढची सहल कधी. न्यायची असेल तर न्या. पण आता मी पण येते. आमच्याच दोन-चार बायका येतो. पोरं आम्ही मोजू, भाषण तुम्ही करा."

असो. त्यानंतर आमच्या सहलींना आयांची एक तुकडी असते. तिच्या परवानगीशिवाय कोणी पाण्याच्या दिशेने पाऊल टाकत नाही, आम्हीसुद्धा.

या वर्षांत आम्ही किनारा पुष्कळ पाहिला. शिवडीला पूर्वेचा समुद्र. तिथे लाटा नाहीत, चिखल आहे, आणि हिवाळ्यात चिखलावर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे. घारापुरीला लाँचने गेलो. दोन टेकड्या आणि मध्ये घळ अशी ती बेटाची रचना. लोक शिवाची लेणी बघून पहिल्या टेकडीवरून परततात. पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचा उंचवटा आहे, तिकडे फारसे कोणी जात नाही. आपल्या लोकांनी जावे. त्या बेटावर वीज २०१८ साली पोचली, समुद्राखालून तार टाकून. मुंबईचे दिवे तोवर बेटावरचे लोक नुसते बघत होते. नालासोपाऱ्यालाही गेलो, जिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उघडा केला. सोपारा हे एके काळी मोठे बंदर. आता खाडी गाळाने भरली आहे आणि बंदर कुठे होते ते सांगावे लागते.

आणि दादर. चैत्यभूमीच्या किनाऱ्यावर उभे राहिले की डावीकडे वरळी किल्ल्याचे नाक, उजवीकडे वांद्रे किल्ल्याचे, मध्ये सी लिंक. दोन्ही नाके कातळाची. लाटांचा मार ती अंगावर घेतात आणि मधल्या उपसागरात वाळू टिकते. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांना ज्या वाळूवर अग्नी दिला, ती वाळू या दोन खडकांच्या आडोशाने साठलेली. आता तीही झिजते आहे, म्हणून तर तो दगडांचा बांध, ज्यावरून आजीने हात फिरवला. २०१६ च्या ६ डिसेंबरला आम्ही आजीला शोधले. परभणीच्या गाड्यांजवळ जाऊन विचारले. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, कशी सापडणार? पण परभणीच्या एका शिक्षकांना सगळे उत्तर सांगून ठेवले आहे. विहिरीचा दगड, जांभा, सगळे. त्यांनी वहीत लिहून घेतले.

कान्हेरीची सहल मात्र सविस्तर सांगायला हवी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभरावर लेणी आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण तिथला दगड अजिंठ्यासारखा एकसंध नाही. ज्वालामुखीने उडवलेले लहानमोठे तुकडे राखेत मिसळून घट्ट झाले, असा तो दगड आहे. भिंतीजवळ डोळा नेला की चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे तुकडे दिसतात. काम करायला तो काळ्या कातळाहून नरम, पण झिजतो एकसारखा नाही, म्हणून मूर्तींचे चेहरे कुठे शाबूत, कुठे पुसलेले. जवळजवळ प्रत्येक विहारापाशी पाण्याची टाकी आहे, शिलालेखात तिला पोढी म्हटले आहे. डोंगरावर पडणारा पाऊस बारीक चरांतून वाहून नेऊन टाक्यांत साठवलेला. एवढ्या पावसाच्या बेटावर, खाऱ्या पाण्याने वेढलेल्या डोंगरात, शेकडो भिक्खू उन्हाळाभर कसे राहात असतील, याचे उत्तर त्या चरांत आहे. शिलालेखांत दान देणारे सोपाऱ्याचे, कल्याणचे, चेऊलचे. म्हणजे सगळी बंदरांची माणसे. समुद्रावरच्या व्यापाराचा पैसा डोंगरात येऊन लेणी झाला. आमचे वडील शेवटच्या दिवसांत एकदा तिथे आले होते. त्यांनी एका डोळ्याने छताकडे बघितले, छिन्नीच्या रेघांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "हात एकाचाच नाही. इथपर्यंत एक माणूस, इथून पुढं दुसरा." आम्ही कितीही पाहिले तरी आम्हांला तो फरक दिसला नाही.

त्या दिवशी सर्वांत वरच्या लेण्यांपाशी दगडी बाकावर आम्ही डबे उघडले. आयांनी मुले मोजली, एकोणीस. हवा स्वच्छ होती. झाडांच्या डोक्यांवरून लांब खाडीची आणि समुद्राची चमकती रेघ दिसत होती. दुपारचे बारा वाजत आले होते. नडगीवर पांढरा व्रण असलेला तो मुलगा, आता मिसरूड फुटू लागलेला, भाकरीचा तुकडा हातात धरून तिकडे बघत होता.

"आई, आज तिथी कोणती?"

"अष्टमी. का रे?"

त्याने बोटे मोजली. "आठ त्रिक चोवीस. सहा." मग घड्याळाकडे पाहिले. "आत्ता ओहोटी आहे. मावशी कालवं काढत असेल."